आयर्लंडचं आठवं कारण

न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवेच्या ब्रॅमवेल लॅबोरेटरीजमध्ये एक खोली होती. दारावर 'ग्रॅन्युलेशन' अशी पाटी, आणि आत कांचन धारपचं राज्य. औषधाची भुकटी नुसती दाबून गोळी होत नाही. आधी तिच्यात पाणी आणि थोडी खळ घालून ती ओलसर मळावी लागते, मग वाळवून तिचे बारीक दाणे करायचे आणि त्या दाण्यांची गोळी पाडायची. मळणं कमी पडलं तर गोळीची टोपी, म्हणजे वरचा थर, उडते. जास्त झालं तर गोळी अशी दगड होते की पोटात जाऊन जशीच्या तशी बाहेर यावी. मिक्सरमधलं पीठ नेमकं कधी झालं हे सांगणारं यंत्र १९८५ साली ब्रॅमवेलकडे नव्हतं. कांचन होती.

मिक्सर थांबवून ती हातमोजा घालून मूठभर पीठ घ्यायची आणि दाबायची. लाडू वळला पाहिजे. मग त्याच लाडवावर अंगठा ठेवायचा. दोन-तीन स्वच्छ तुकडे पडले की घाणा जमला. भुगा झाला तर अजून पाणी, बोटाला चिकटला तर देवाचं नाव घ्या. नागपूरला फार्मसीची पदवी घेऊन ती पहिल्यांदा ज्या लहानशा कारखान्यात लागली होती, तिथल्या एकनाथमामा नावाच्या म्हाताऱ्या कामगाराने तिला हे शिकवलं होतं. "पोरी, घड्याळाला काय कळते? हाताला विचार," एवढंच त्याचं पाठ्यपुस्तक. ती घाणा हा शब्द तिथूनच घेऊन आली होती आणि ब्रॅमवेलमधले सगळे 'बॅच' म्हणत असताना मनातल्या मनात घाणेच मोजायची.

तेरा वर्षं तिने हे केलं. तिच्या खोलीतून गेलेला माल फेकून द्यावा लागला असं क्वचित झालं, आणि का होत नाही हे कुणी विचारलं नाही. काम बिनबोभाट होत असलं की ते करणारी बाई दिसेनाशी होते. हा आजार सगळ्याच कंपन्यांना असतो, ब्रॅमवेलला जरा जास्तच होता.

बाई तशी दिसेनाशी होण्यातली मुळीच नव्हती. शेजारच्या एडिसन गावच्या गणपतीत मराठी मंडळाने कामांची यादी लावली होती. स्टेज, हॉल, साउंड सगळं पुरुषांकडे, आणि 'स्वयंपाक' या मथळ्याखाली ओळीने सौभाग्यवती, त्यातल्या निम्म्या डॉक्टर. कांचनने स्वतःचं नाव खोडून तिथे 'श्री. गुरुदत्त धारप' लिहिलं आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. बिचारा गुरुदत्त हायवे खात्यात पुलांचे हिशेब करणारा सरळ माणूस. त्याने दीडशे माणसांचा मसालेभात केला. बरा झाला होता.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रॅमवेलच्या वरच्या मजल्यावर युरोपात कारखाना काढायचं घाटत होतं. देश कोणता, याचा रिपोर्ट लिहायचं काम शैलेंद्र वैशंपायनकडे आलं. हा तिशीतला एमबीए, पुण्याचा, बायको अजून तिकडेच, म्हणून दर रविवारी धारपांकडे जेवायला. वरणभातावर तूप पडलं की त्याची जीभ सैल व्हायची.

"काकू, आयर्लंड! दुसरा चॉइसच नाही," तो म्हणाला. "मॅन्युफॅक्चरिंगवर दहा टक्के टॅक्स. दहा! आणि सन दोन हजारपर्यंत तो बदलणार नाही असं लिहून देतात. वर मशिनरीला ग्रँट, बिल्डिंगला ग्रँट, ट्रेनिंगला ग्रँट."

"आणि विकायचं कुणाला? तिथल्या मेंढ्यांना?"

"कॉमन मार्केट, काकू. तिथे बनवलेलं जर्मनीत, फ्रान्सला, कुठेही जातं, कस्टम्स नाही. इंग्लिश बोलतात. निम्मी वस्ती पंचविशीच्या आतली, सायन्स शिकलेली. औषधवाल्या कंपन्या आधीच गेल्यात, म्हणजे इन्स्पेक्टरला आपलं काम समजावून सांगायला नको. पाणी तर धो धो. सात कारणं काढलीत मी, सात!"

कांचनने त्याच्या पानात भात वाढला. "एवढं सगळं का देतात रे ते? कुणी उगाच देत नाही."

"पोरं थांबत नाहीत ना. शिकतात आणि विमानात बसतात. बॉस्टन, न्यूयॉर्क. सगळा देश रिकामा व्हायला आलाय, म्हणून गव्हर्नमेंट दारोदार फिरतं, आमच्याकडे या म्हणून."

टेबलाशी बसलेले तिघेही शिकून विमानात बसलेलेच होते. गुरुदत्त ताटाकडे बघत म्हणाला, "आपल्याला कुणी थांब म्हटल्याचं मला तरी आठवत नाही."

कांचनच्या डोक्यातून ते जाईना. आपल्या पोरांसाठी परक्यांच्या दारात उभं राहणारा एक देश आहे, ही गोष्ट तिला फार आवडली. तिथल्या पोरांना कुणीतरी काम शिकवणार. ते आपण का शिकवू नये? शिवाय नवा कारखाना उभा करणारा जो मुख्य असेल, त्याचं नाव कागदावर येणार होतं. तेरा वर्षांत तिचं नाव कॅन्टीनच्या वाढदिवसाच्या फळ्याखेरीज कुठे आलं नव्हतं, आणि तिथेही ते चुकलेलं होतं. तिला ती जागा हवी होती. आडवळणं न घेता सांगायचं तर, मनापासून हवी होती.

ती उत्पादनाचे उपाध्यक्ष कॅलवे यांच्याकडे गेली आणि तसं सांगितलं. कॅलवे गोड बोलणारा माणूस. त्याने खुर्ची दिली, कॉफी विचारली आणि डेनिसला पाठवायचं ठरलंय असं सांगितलं.

"डेनिसला मी शिकवलंय," कांचन म्हणाली.

"आणि फार छान शिकवलंय. पण गाव आठ हजार वस्तीचं आहे, कांचन. गावच्या लोकांबरोबर बसावं लागतं, गोल्फ खेळावं लागतं. त्यांनी तुझ्यासारखं कुणी... म्हणजे त्यांना सवय नसेल. शिवाय तुझा नवरा, मुलगी."

"डेनिसला तीन मुलं आहेत. त्याला विचारलंत?"

कॅलवे हसला आणि घड्याळाकडे बघायला लागला. कांचन पार्किंगमध्ये आली, गाडीत बसली आणि रडली. मग आपण रडलो याचाच तिला इतका संताप आला की तिने गाडी बंद केली, आत जाऊन ओव्हरऑल चढवला आणि उरलेली पाळी पूर्ण केली.

कारखाना आयर्लंडला न्यायचा म्हणजे सगळी कृती पुस्तकात लिहून न्यायची. मूळ पुस्तकात कांचननेच लिहिलं होतं, 'बारा मिनिटे मळावे. त्यानंतर पर्यवेक्षकाने हाताने पाहून पाणी व वेळ ठरवावी.' आयर्लंडची प्रत तयार करताना वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी शहाण्याने दुसरा भाग गाळला. त्याला तो भरताड वाटला असेल. कांचनचं सगळं आयुष्य त्या गाळलेल्या अर्ध्या ओळीत होतं. तिने तसं लेखी कळवलं, उत्तर आलं नाही.

जानेवारीच्या शेवटी आयर्लंडहून तिघं आले. दोघे सरकारी मंडळाचे साहेब आणि तिसऱ्या मिसेस ओ'ड्वायर. या बाई केमिस्ट, पन्नाशीच्या, पायात सपाट बूट, आणि नव्या कारखान्यात मालाची तपासणी सरकारतर्फे त्यांच्याकडे असणार होती. पाहुण्यांसमोर डेनिस एक घाणा काढून दाखवणार होता. कांचनला निरोप आला की तिने त्या दिवशी काचेपलीकडे उभं राहावं, डेनिसला सवय होऊ दे.

बाहेर बर्फ होतं आणि आत महिनाभर हीटर चालू. तिने सकाळीच डेनिसला गाठलं. "आज भुकटी तहानलेली आहे. बाराव्या मिनिटाला थांबू नकोस."

डेनिस पोरगा वाईट नव्हता, फक्त घाबरट होता. "पुस्तकाप्रमाणेच करून दाखव म्हणालेत," तो म्हणाला. "ते पुस्तकच तर घेऊन जायचंय."

डेनिसने बाराव्या मिनिटाला मिक्सर थांबवला. काचेतून कांचनला पात्यावरून पीठ पडताना दिसलं आणि खिशात तिची मूठ आपोआप वळली. पीठ वाळेपर्यंत पाहुण्यांचं जेवण झालं. दुपारी यंत्रातून पहिल्या गोळ्या पडल्या. मिसेस ओ'ड्वायर यांनी त्यातली एक उचलली, कडेला अंगठा लावला आणि गोळीची टोपी बटणासारखी निघून हातात आली. त्यांनी दुसरी उचलली. मग तिसरी. तीनही टोप्या त्यांनी टेबलावर ओळीने मांडल्या.

कॅलवेच्या मानेवर लाली चढली. त्याने काचेकडे बघून बोटाने 'ये' अशी खूण केली. कांचन जागची हलली नाही. त्याने पुन्हा बोट हलवलं. ती त्याच्याकडे बघत उभीच राहिली. बोटाने बोलवायला ती काय वेटर होती? शेवटी साहेब स्वतः दारापर्यंत आला आणि म्हणाला, "कांचन, जरा येशील का, प्लीज."

"येते की," ती म्हणाली.

तिने नवा मोजा घातला, नवा घाणा लावला. बाराव्या मिनिटाला मिक्सर थांबवून मूठ दाबली आणि उघडून डेनिससमोर धरली. सगळा भुगा. "अजून नाही," म्हणत तिने पाणी घातलं. साडेपंधरा मिनिटांनी पुन्हा थांबवलं, लाडू वळला आणि तो मिसेस ओ'ड्वायर यांच्या तळहातावर ठेवला.

"अंगठ्याने मोडा."

लाडवाचे तीन तुकडे झाले. बाईंचा चेहरा एकदम उजळला. "माझी आई पावाचं पीठ असंच बघायची," त्या म्हणाल्या, आणि मोजा घातलेला हात मिक्सरमध्ये घालून त्यांनी स्वतः एक मूठ वळली. सरकारी साहेबांनाही वळायला लावली. मग कॅलवेकडे वळून विचारलं, "आमच्याकडे तुमच्यातलं कोण येणार आहे?"

"डेनिस," कॅलवे म्हणाला.

"आणि या?"

कॅलवेने तोंड उघडलं, पण कांचन आधी बोलली. "मी ती जागा मागितली होती. मला नाही म्हणाले. तुमच्या गावाला माझी सवय नसेल असं यांना वाटतं."

कंपनीतलं घरचं भांडण पाहुण्यांपुढे काढायचं नसतं, हे कांचनला चांगलं ठाऊक होतं. नेहमी आपणच गप्प बसून किती दिवस घराची अब्रू राखायची, हेही तिने ठरवून टाकलं होतं. जाताना मिसेस ओ'ड्वायर यांनी मोडलेल्या लाडवाचा एक तुकडा रुमालात बांधून घेतला.

संध्याकाळी शैलेंद्रचा फोन. "काकू, हे काय केलंत? गेस्टसमोर बॉसला असं कोणी बोलतं का? तुमची फाइल क्लोज करतील!"

"तुझ्या रिपोर्टात माझं नाव किती वेळा आहे रे?"

"तुमचं? एकदाही... म्हणजे त्यात तसं कुणाचंच..."

"मग कुठली फाइल क्लोज करणार? उघडली होती कधी?" तिने फोन ठेवला.

तीन आठवडे वरच्या मजल्यावरून चकार शब्द आला नाही. कॅन्टीनमध्ये लोक तिच्या टेबलाला वळसा घालून जायला लागले. मग पत्र आलं. कांचन धारप यांनी सहा आठवड्यांसाठी आयर्लंडला जावं, डेनिसच्या हाताखाली, सल्लागार म्हणून.

"सहा आठवडे तर सहा आठवडे," गुरुदत्त म्हणाला. "जाऊन ये, त्यांचं घोडं अडलंय ते पुढे ढकलून दे आणि परत ये. डोक्याला ताप कशाला?"

"तेरा वर्षं घोडी ढकलतेय मी. आता ढकलायचं मी आणि वर बसायचं दुसऱ्याने, हे माझ्याच्याने होणार नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर."

"घराचे हप्ते..."

"माहीत आहेत. तू मसालेभात विक."

चौदा वर्षांची रुपाली फ्रिजमध्ये डोकं घालून उभी होती. तिथूनच म्हणाली, "मॉम, जस्ट टेल देम नो." बोलायला सोपं होतं. घराचे हप्ते पोरीला कुठून दिसणार.

शनिवारी सकाळी तिने शैलेंद्रचा रिपोर्ट काढला. त्याने कौतुकाने तिला एक प्रत देऊन ठेवली होती. ओट्याला टेकून, एका हाताने फोडणी परतत ती तो पहिल्या पानापासून वाचत गेली. कंपनीत असले रिपोर्ट कुणी वाचत नाही. साहेब लोक पहिलं पान बघतात, त्यावर सातही कारणं सुबक मांडलेली असतात. कांचनला मात्र औषधाच्या वेष्टनातला बारीक अक्षराचा कागदही शेवटपर्यंत वाचायची सवय होती, तो धंदाच होता तिचा. एकेचाळिसाव्या पानावर तिचा हात थांबला. तिने हळदीच्या बोटाने ती ओळ दोनदा वाचली. पानावर पिवळा डाग पडला. फोडणी करपली.

सोमवारी ती कॅलवेसमोर उभी राहिली. या वेळी त्याने कॉफी विचारली नाही. तिने पत्र त्याच्या टेबलावर ठेवलं. "मी सल्लागार म्हणून जाणार नाही. जायचं तर मुख्य म्हणून."

"तू कंपनीला वेठीला धरते आहेस, कांचन."

"मुळीच नाही. पुस्तक तुमचं आहे, खुशाल घेऊन जा. त्यात बारा मिनिटं लिहिलेली आहेत." तिने रिपोर्ट उघडून त्याच्याकडे फिरवला. "आणि जाण्याआधी एकेचाळिसावं पान वाचा. पुढच्या वर्षी एक ऑक्टोबरपर्यंत तिथून विकण्याजोगी गोळी बाहेर पडली नाही, तर त्यांच्या सरकारने दिलेलं सगळं परत करायचं. विकण्याजोगी आहे की नाही हे ठरवणार कोण? मिसेस ओ'ड्वायर. त्यांचा अंगठा तुम्ही पाहिलाय."

कॅलवेने ते पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. हे त्याला आजच कळत होतं, हे लपवायचा त्याने प्रयत्न केला आणि ते जमलं नाही. त्याने फोन करून डेनिसला बोलावलं. डेनिस दारात येऊन हातातली टोपी गोल गोल फिरवत उभा राहिला.

"तिच्याशिवाय तू हे करू शकतोस की नाही?"

डेनिसने एकदा साहेबाकडे आणि एकदा कांचनकडे पाहिलं. "नाही सर," तो म्हणाला. "माझ्या हाताला अजून कळत नाही. मी तिच्या हाताखाली जाईन. मला चालेल." घाबरट माणसाने धीर केला की त्याची किंमत जास्त धरावी. कांचनने त्या क्षणी त्याला सगळं माफ करून टाकलं.

कॅलवेने टेबलावरचं पत्र उचलून खणात टाकलं. "एक वर्ष," तो शेवटी म्हणाला. "मुख्य म्हणून."

"दोन. एका वर्षात पोरांचा हात तयार होत नाही. आणि पुस्तकातली ओळ परत घालायची, आजच्या आज."

"अजून काही?"

"हो. मला बोलवायचं असेल तेव्हा नावाने."

ती खाली आली. ग्रॅन्युलेशनच्या खोलीत जाऊन ती मिक्सरला टेकून उभी राहिली आणि एकटीच हसली. एकनाथमामाला हे सांगायला हवं होतं असं तिला वाटलं, पण तो जाऊन दहा वर्षं झाली होती. मग तिने चालू असलेला घाणा थांबवून मूठ दाबली, कारण काम तर होतंच.

घरी गुरुदत्तने बातमी ऐकून फक्त विचारलं की दोन वर्षं रुपालीला शाळेच्या ऑर्केस्ट्राच्या तालमीला कोण सोडणार. "तू," कांचन म्हणाली, आणि तो मुकाट्याने वेळापत्रक लिहून घ्यायला लागला.

पुढच्या रविवारी शैलेंद्र जेवायला आला तो ओशाळलेला. रिपोर्ट संचालक मंडळाच्या दफ्तरात जायचा होता आणि त्याच्याजवळची प्रत तो ट्रेनमध्ये विसरला होता. "तुमच्याकडची देता का काकू?"

तिने ओट्याच्या फडताळातून काढून दिली. त्याने पानं चाळली, एकेचाळिसाव्यावरचा हळदीचा डाग बघून कपाळाला हात लावला, आणि मग पहिलं पान उघडून बघतच राहिला. टाइप केलेल्या सात कारणांच्या खाली निळ्या बॉलपेनने, ठसठशीत अक्षरात आठवं लिहिलेलं होतं.

'८. तिथे कांचन धारप जाणार आहे.'

"काकू, अहो, हे बोर्डाकडे जायचंय!"

"म्हणूनच लिहिलंय," कांचन म्हणाली. "बस, पान वाढलंय."